अर्बुदाच्या रेणुपरीक्षेची कुळकथा

प्रगत अवस्थेतील कर्करोगाच्या गाठीतील शेकडो जनुकांची एकदम छाननी करून औषध ठरविण्याची जी रीत आज रूढ होत आहे, तिचे मूळ केवळ जनुकवाचनाच्या यंत्रात शोधू गेल्यास ते सापडणार नाही. कारण ते एका जुन्या वैद्यकीय कोड्यात दडलेले आहे. बीजांडकोश काढून टाकल्यावर स्तनाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या गाठी ओसरल्याचा वृत्तांत ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, परंतु हीच शस्त्रक्रिया इतरांनी केली तेव्हा साधारण तिघींपैकी एकीलाच गुण आला, आणि ती एक कोण, हे आगाऊ सांगण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. ज्या गाठीच्या पेशींत बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन धरून ठेवणारे प्रथिन असते तीच बहुधा अशा उपायाला वश होते, हे पुढे शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी दाखविले, आणि उपचारापूर्वी गाठीचीच साक्ष काढण्याचा शिरस्ता पडला.

या कुळाची दुसरी शाखा फिलाडेल्फियाची. तेथे १९६० साली नोवेल व हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र आढळले. ते नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून घडते, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी सिद्ध केले. आणि त्या अदलाबदलीतून उपजणाऱ्या विकृत प्रथिनाला अटकाव करणारे इमॅटिनिब २००१ साली अमेरिकेत मंजूर झाले. पुढे जनुकवाचन स्वस्त व वेगवान झाले, तसा एकेका दोषाचा तपास मागे पडून शेकडो जनुकांचा एकत्र अहवाल हाती येऊ लागला. २०१७ साली तर रोगाचे मूळ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, गाठीच्या केवळ रेणवीय लक्षणावरून पेम्ब्रोलिझुमॅब देण्यास अमेरिकेत मंजुरी मिळाली.

तथापि अवयवाचे महत्त्व संपले, असे मानणे घाईचे होईल. बीआरएएफ जनुकातील एकच दोष त्वचेच्या मेलानोमात असता वेमुराफेनिबने रोग हटतो, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असता तेच औषध एकटे बहुधा निष्प्रभ ठरते. कारण आतड्याच्या पेशी ईजीएफआर या ग्राही प्रथिनाच्या वाटेने वाढीचा संदेश पुन्हा चालू करतात. फ्रान्समधील ‘शिवा’ चाचणीतही १९५ रुग्णांपैकी ज्यांना रेणवीय अहवालानुसार, अन्य कर्करोगांसाठी मंजूर असलेली औषधे दिली, त्यांचा रोग नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक काळ थोपला नाही, असे २०१५ साली निष्पन्न झाले. यास्तव अहवालात दोष सापडणे हा निकाल नव्हे. तोच दोष रोग चालवीत आहे काय, आणि त्याच अवयवाच्या रोगात त्यावरील औषधाचा गुण सिद्ध झाला आहे काय, याची रुजुवात झाल्यावरच त्या अहवालास उपचाराचा आधार मानावे.