वेस्टर्न युनियन कंपनी
तारसंदेशवहन व धनप्रेषण या व्यवसायांतील एक जुनी अमेरिकन कंपनी. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १८५१ मध्ये हायरम सिब्ली व इतरांनी ती स्थापन केली. विखुरलेल्या लहान तारकंपन्या एकत्र आणताना १८५६ मध्ये तिने हे नाव घेतले. तिच्या पुढाकाराने २४ ऑक्टोबर १८६१ रोजी आंतरखंडीय तारमार्ग पूर्ण झाला आणि दोनच दिवसांत ‘पोनी एक्स्प्रेस’ ही घोडेस्वारांची टपालसेवा बंद पडली.

धनप्रेषणास १८७१ मध्ये प्रारंभ झाला. त्यात रोकड प्रत्यक्ष हलत नसे : एका कार्यालयात पैसे भरले, की तेथून तारेने आदेश जाई व दुसरे कार्यालय आपल्या शिलकेतून रक्कम देई. भारतातील हुंडीशी या पद्धतीचे काहीसे साम्य आहे. मात्र तारेपुढे हा दीर्घकाळ जोडधंदाच राहिला. १८७९ मध्ये बेल कंपनीशी तडजोड करून कंपनीने दूरध्वनिव्यवसाय सोडला. हा निर्णय घातक ठरला, कारण पुढे तारेची गिऱ्हाइके दूरध्वनीनेच ओढून घेतली. १९८० नंतर कर्जाचा बोजा असह्य होऊन अखेर दिवाळखोरीची कारवाई झाली व १९९४ मध्ये धनप्रेषणाचा व्यवसाय नावासह विकला गेला. २७ जानेवारी २००६ रोजी तारसेवा थांबली. त्याच वर्षी केवळ धनप्रेषण करणारी स्वतंत्र कंपनी म्हणून तिची पुनर्रचना झाली.