माळरान पडीक नव्हे: चारा आणि पाखरं, दोन्हींचं वेळापत्रक एकच

सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा या पट्ट्यात मुरमाड, कमी पावसाचं रान मोठं आहे. कागदोपत्री त्याला पोटखराबा, पडीक किंवा गायरान म्हणतात. पण पडीक म्हटलं की ते रान फुकटचं वाटतं, आणि मग कुणी नांगर घालतं, कुणी मुरूम उचलतं, कुणी झाडं लावायला खड्डे घेतं.

खरं तर हे रान उघडंच असायला हवं. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, माळटिटवी हे उघड्या माळावर जगणारे जीव. ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ दाट लावली की सावलीखाली गवत विरळ होतं आणि माळाची पाखरं ती जागा सोडतात. झाड लावणं चांगलंच, पण ते बांधाला, ओढ्याला, घरापाशी. माळावर नव्हे.

या भागात १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र होतं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आणि खाजगी शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि माळढोक हे नाव काढलं की शेतकरी चिडायला लागला. २०१२ मध्ये क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर ठेवलं. दरम्यान उजनीचं पाणी फिरलं, ऊस आणि द्राक्षं आली, माळाचे तुकडे झाले. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. नान्नजला आता त्याचं दर्शन होणंच दुर्मिळ झालंय.

आता चाऱ्याचं बघू. माळावरची चांगली गवतं म्हणजे पवन्या आणि मारवेल. ही बहुवर्षायू, ठोंब धरणारी. जून-जुलैत पहिला पाऊस पडून कोंब दोन बोटं वर आले की जनावरं सोडायची सवय आहे. कोवळा कोंब सारखा खुडला गेला की ठोंब मरतो, आणि मागं उरतं कुसळ. ते वाळलं की जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत घुसतं. जमिनीवर घरटं करणाऱ्या बऱ्याच पाखरांची अंडी-पिल्लंही याच पावसाळ्यात असतात. म्हणजे पावसाळ्यात रान राखलं तर गवतही वाचतं आणि अंडीही तुडवली जात नाहीत. दोन वेगळी कामं करावी लागत नाहीत.

रान राखायचं म्हणजे सगळं एकदम बंद करायचं नाही, तसं केलं तर शेळ्या-मेंढ्यावाल्यांनी जायचं कुठं? गायरानाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एक भाग दसऱ्यापर्यंत बंद ठेवायचा, पुढल्या वर्षी दुसरा. राखलेलं गवत फुलोऱ्यात असताना विळ्यानं कापायचं. तेव्हा त्यात कस असतो, वाळल्यावर नुसती काडी उरते. कापताना मधे-मधे पट्टे सोडायचे, म्हणजे बी झडतं आणि सशा-तितरांना आडोसा राहतो. मग मेंढरं घालावीत. सुगी झालेल्या रानात मेंढ्यांचा वाडा बसवला की लेंडीखत मिळतं, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

बांधाचंही तेच. दरवर्षी कोरून आणि उन्हाळ्यात पेटवून बांध संपवले, तर किडे टिपणारे कोतवाल, वेडा राघू बसणार कुठं?

नुकसान होतंच. काळवीट ज्वारी-हरभऱ्यात घुसतात, लांडगा मेंढरू नेतो. भरपाई मिळते, पण वनरक्षकाला लगेच कळवून पंचनामा करून घेतला तरच. कळपाच्या मालकाचं बिऱ्हाड पाठीवर, त्याला कागदासाठी थांबणं परवडत नाही, ही अडचण खरी आहे.

गायरान राखायचा ठराव ग्रामसभेत करता येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. माळावरची गवतं आणि चराईच्या वाटा त्या नोंदवहीत लिहून घ्यायच्या असतील तर मेंढपाळांना विचारूनच लिहाव्यात. कुठल्या भागात पवन्या उरलाय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.