शिंदीचे मडके आणि अबकारीचे राज्य

बीड जिल्ह्यातल्या दारूचा इतिहास सांगताना सुरुवात गुत्त्यापासून होते. ती मडक्यापासून व्हायला हवी. हिवाळ्यात शिंदीच्या झाडाचा शेंडा तासून खाचेखाली रात्रभर मडके बांधायचे आणि उन्हे चढण्याआधी ते उतरवायचे, असा हा धंदा. रस उतरताना गोड असतो, काही तासांत फेसाळतो आणि संध्याकाळपर्यंत आंबट होतो. हे सगळे आपोआप घडते असे वाटते, पण त्यात बराचसा वाटा मडक्याचा असतो. मातीच्या सच्छिद्र अंगात आणि तळाच्या गाळात कालचे यीस्ट जिवंत राहिलेले असते. आजचा रस पडला की ते कामाला लागते. नीरा हवी असेल तर मडके स्वच्छ धुऊन आतून चुना लावायचा, म्हणजे रस फसफसत नाही. शिंदी हवी असेल तर तेच मडके न धुता पुन्हा टांगायचे. ज्याला या दोन्ही रीती ठाऊक आहेत, त्याला दुधाला विरजण लावणाऱ्या बाईइतकेच नेमके कळते की आंबवणे ही जपलेल्या बीजाची गोष्ट आहे. गोव्यातले पाववाले, म्हणजे पोदेर, पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवत, तेव्हा ते याच ज्ञानावर विसंबत.

यावर कोणी म्हणेल, हे अंगवळणी पडलेले काम झाले, याला ज्ञान कसले म्हणायचे? यीस्ट हा शब्दही ज्यांना माहीत नव्हता, त्यांच्या मडक्याला प्रयोगशाळेचा मान कशाला? पण हा निकष लावला तर युरोपचे बिअरवालेही त्यात नापास होतील. १५१६ च्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच मान्य केले होते; यीस्टचा त्यात उल्लेखही नाही. तरी मागच्या पिंपातला साका पुढच्या पिंपात घालण्याची रीत तिथे चालूच होती. लागर बिअर थंडीत, साधारण ८ ते १४ अंशांत आंबते. त्या गारठ्यात यीस्ट मंदावते, म्हणून मुळात ते भरपूर घालावे लागते. आजही घरी लागर करणारे आधी छोट्या भांड्यात यीस्ट वाढवून घेतात ते यासाठीच. एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि कारखान्याने ते इतरांनाही खुले केले. बीडची अडचण नेमकी उलटी होती. इथे ऊब भरपूर, त्यामुळे काम वेगात होते, आणि यीस्टबरोबर आंबटपणा आणणारे जंतूही वाढतात. म्हणून शिंदी त्याच दिवशी प्यायची, साठवायची नाही. तिच्यात मद्यार्क ढोबळमानाने ४-५ टक्क्यांच्या आसपास राहतो, त्याचे एक कारण हेही आहे. दोन्हीकडे हवामान ओळखूनच रीत बसली होती. फरक पडला तो रीतीच्या पाठीशी कोण उभे राहिले याने. तिकडे संशोधक होता, इकडे अबकारी खाते.

बीड ज्या निजामाच्या राज्यात होते, तिथे अबकारी हे तिजोरीचे मोठे साधन होते. झाड छेदायचा आणि शिंदी विकायचा हक्क सरकारचा. तो लिलावाने गुत्तेदाराकडे जाई. झाडावर चढणाऱ्याच्या हाती कसब होते, मालकी नव्हती. ज्याला पुढच्या लिलावात हक्क टिकेल याची खात्री नाही, तो गुत्तेदार रसाची प्रत सुधारण्यात कशाला पडेल? त्याला खप वाढवण्यात रस. तिजोरीची भिस्त या झाडांवर होती, म्हणून १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली, तेव्हा घाव निजामाच्या महसुलावर होता. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. त्या कुऱ्हाडींमागच्या न्यायबुद्धीबद्दल मला शंका नाही. मात्र त्याच झाडाच्या पानांवर केरसुण्या करणाऱ्यांचे पोट होते, आणि मडक्यातले कसबही झाडाबरोबरच गेले, ही किंमतही नोंदवली पाहिजे.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये मराठवाड्याला लागू झाला. आता झाड लपवता येईना. ओढ्याकाठचे उंच झाड आणि त्यावरचे मडके लांबूनही दिसते. गूळ आणि नवसागर पाण्यात सडवून, ओढ्याच्या आडोशाला भट्टी लावून काढलेली हातभट्टी मात्र लपते, हंगाम पाहत नाही, थोड्या जागेत जास्त नशा देते आणि नासत नाही. धाडीची भीती जितकी वाढते, तितका पातळ, नाशवंत माल मागे पडतो आणि तीव्र माल पुढे येतो. बीडमध्ये आंबवलेल्या पेयाची जागा गाळलेल्या दारूने घेतली, तिचे कारण माणसांच्या बिघडलेल्या चवीपेक्षा या हिशेबात अधिक आहे, असे मला वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप बायकांचा आहे. ज्यांनी गावात मतदानाने बाटली आडवी केली, म्हणजे दारू बंद केली, त्यांना मद्यार्काचे टक्के सांगून काय उपयोग? त्यांचे म्हणणे खरे आहे. शिंदीनेही घरे बसली, दिवसभर पिणाऱ्याला ४ टक्केही पुरतात. मी शिंदीची दुकाने परत मागत नाही. परंतु ५ टक्क्यांचे मडके आणि ४२.८ टक्क्यांची विलायती बाटली यांना एकाच पारड्यात तोलणारा इतिहास त्या बायकांच्याही कामाचा नाही, कारण घरात तीव्र दारू कोणत्या वाटेने आली हे तो सांगत नाही.

गुत्तेदाराने झाडांचे काय केले, याचा पुरावा दप्तरांबाहेरही आहे. शिंदीची खाच एका वर्षी एका बाजूला, पुढच्या वर्षी समोरच्या बाजूला घेतात, त्यामुळे छेदलेल्या झाडाचे खोड नागमोडी होते आणि खाचा मोजून ते किती वर्षे छेदले गेले हे कळते. बीडच्या ओढ्याकाठी तोडणीतून वाचलेली जुनी शिंदी जिथे असेल, तिथे या खाचा मोजून अबकारीच्या दप्तराशी पडताळल्या, तर गुत्तेदाराने झाडांना विश्रांती दिली की ती ओरबाडली, हे गावागणिक सांगता येईल. हे काम झाडे उभी आहेत तोवरच होऊ शकते.