थांबण्याचे अंतर

धोका दिसल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंत कापले जाणारे अंतर. ब्रेकवर पाय पडेपर्यंत वाहन मूळ वेगानेच धावते, ते प्रतिक्रिया-अंतर. पुढे वेग एकसारख्या दराने घटत शून्यावर येतो, ते ब्रेक-अंतर. गतीच्या तिसऱ्या समीकरणात अंतिम वेग शून्य धरला की ब्रेक-अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन). वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते.

रस्त्यांच्या आखणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेस प्रतिक्रियेला २.५ सेकंद धरते. वेगवान रस्त्यांसाठी घर्षणगुणांक ०.३५ घेतला, तर मंदन दर सेकंदाला ३.४३ मी./से. येते. बीडवरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गावर ताशी १०० किमीने धावणाऱ्या मोटारीला या हिशेबाने ६९ + ११२, म्हणजे सुमारे १८० मीटर लागतात. ताशी ५० किमीला ६३ मीटर पुरतात. धारूरसारख्या घाटात उतरताना गुरुत्वाकर्षण मंदनातून आपला वाटा काढून घेते. उतार ५ टक्के असेल तर ही वजावट ०.४९ असते.

सूत्रात वस्तुमान नाही, म्हणून भरलेले व रिकामे वाहन सारख्याच अंतरात थांबते, असे विद्यार्थी पाठ करतात. हे खरे, पण सगळ्या चाकांना ब्रेक असतील आणि ते भार पेलत असतील तरच. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येथे नित्याचे, आणि ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. एकूण वजनाचा चौथा हिस्साच ब्रेकच्या चाकांवर असेल, तर मंदनही चौथ्या हिश्श्यावर येते. कोरड्या डांबरावर ६ मिळण्याऐवजी १.५ मिळते. ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने ब्रेक-अंतर २.१ मीटरवरून ८.३ मीटरवर जाते. ५ टक्के उतारावर तेच १२ मीटरच्या पुढे जाते, आणि त्यात प्रतिक्रियेचे १२.५ मीटर वेगळेच मिळवायचे. मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलून आडवी फिरवते, ते या गणितात येतच नाही.

प्रत्यक्षात मंदन पूर्णपणे एकसमान नसते. सूत्रात घालायचे ते सरासरी मंदन.

रेल्वेची चाके व रूळ दोन्ही पोलादी, त्यामुळे घर्षण आणखी कमी. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. मंदन ०.५ धरले तर या मार्गावर ताशी ७२ किमी वेगाच्या गाडीला ब्रेक लागल्यावर थांबायला ४०० मीटर लागतात.