निवृत्ती बचतीचे नामनिर्देशन (भारत)

निवृत्ती बचतीचे नामनिर्देशन म्हणजे भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना यांसारख्या खात्यांतील रक्कम खातेदाराच्या मृत्यूनंतर कोणाच्या स्वाधीन करावी, याची त्याने हयातीत केलेली नोंद होय. अशा व्यक्तीस नामनिर्देशित व्यक्ती किंवा प्रचलित भाषेत 'नॉमिनी' म्हणतात. नामनिर्देशित व्यक्ती व कायदेशीर वारस एकच असतील असे नाही.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मधील परिच्छेद ६१ नुसार सदस्याला कुटुंब असल्यास नामनिर्देशन कुटुंबीयांच्याच नावे करावे लागते. पती किंवा पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा कुटुंबात समावेश होतो. भाऊ-बहिणींचा होत नाही. विवाहापूर्वी केलेले नामनिर्देशन विवाहानंतर अवैध ठरते व नव्याने करावे लागते. एकाहून अधिक व्यक्तींची नावे, प्रत्येकाच्या हिश्श्यासह, नोंदवता येतात.

वैध नामनिर्देशन नसल्यास परिच्छेद ७० नुसार रक्कम कुटुंबीयांमध्ये समान वाटली जाते. मात्र इतर कुटुंबीय असताना सज्ञान मुलगे आणि पती हयात असलेल्या विवाहित मुली यांना त्यात हिस्सा मिळत नाही.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अंतर्गत विधवा किंवा विधुर जोडीदारास, तसेच २५ वर्षांखालील दोन अपत्यांना एका वेळी निवृत्तिवेतन मिळू शकते. हा लाभ निधीतील शिलकेहून वेगळा आहे.

नॉमिनी आणि वारस

सरबती देवी विरुद्ध उषा देवी या आयुर्विम्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये असे म्हटले की, नामनिर्देशनामुळे केवळ रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो. मालकी उत्तराधिकाराच्या कायद्यानुसार ठरते. शिप्रा सेनगुप्ता विरुद्ध मृदुल सेनगुप्ता (२००९) या खटल्यातील बँक कर्मचाऱ्याने विवाहापूर्वी आईचे नाव नोंदवले होते. त्याच्या मृत्यूनंतर भविष्य निर्वाह निधीच्या रकमेत पत्नीचाही वारस म्हणून हक्क असल्याचे न्यायालयाने मान्य केले. कंपन्यांच्या समभागांबाबत हेच तत्त्व शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर (२०२३) या निकालात कायम राहिले.

मृत्युपत्र व उत्तराधिकार

मृत्युपत्र नसल्यास हिंदू पुरुषाच्या मालमत्तेत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली व आई हे प्रथम वर्गाचे वारस ठरतात. वडील या वर्गात नाहीत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सर्वसाधारण मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी ऐच्छिक असते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीविना साधारणतः एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला स्वतंत्र उत्तराधिकार कायदा लागू आहे. तेथे मुलांसारखे अनिवार्य वारस असल्यास व्यक्तीला आपल्या मालमत्तेपैकी निम्म्या भागाचीच मृत्युपत्राद्वारे विल्हेवाट लावता येते. उर्वरित निम्मा भाग त्या वारसांसाठी राखीव असतो.

नियोजन

नामनिर्देशन व मृत्युपत्र परस्परविसंगत असल्यास कुटुंबात वाद उद्भवू शकतो. त्यामुळे विवाह, घटस्फोट, अपत्यजन्म किंवा नामनिर्देशित व्यक्तीचा मृत्यू यांनंतर दोन्ही दस्तऐवजांचा फेरविचार करणे हितावह असते. प्रत्येक खात्याचे नामनिर्देशन स्वतंत्र असल्याने एका खात्यात केलेला बदल दुसऱ्यास आपोआप लागू होत नाही. अज्ञान व्यक्तीस नामनिर्देशित करताना तिच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या पालकाचे नाव नोंदवता येते.

हे सुद्धा पहा

भविष्य निर्वाह निधी
मृत्युपत्र
हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६