स्टुडिओतला आवाज टॉवरपर्यंत कसा पोहोचतो?

नांदेडला रेडिओवर १०१.१ मेगाहर्ट्झ लावलं की आकाशवाणी लागते. वर्गातली मुलं आम्हाला विचारतात, "बोलणारा माणूस टॉवरजवळ बसतो का?" तसं नाही. बोलणारा स्टुडिओत असतो, टॉवर फक्त आवाज दूर पोहोचवतो. मधला प्रवास तीन टप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा स्टुडिओ. मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो. मिक्सरवर आवाज कमी-जास्त होतो, संगणकावर काटछाट होते.

दुसरा टप्पा जोडणी. मोठ्या केंद्राचा स्टुडिओ शहरात आणि ट्रान्समीटर लांब असू शकतो. तेव्हा संदेश केबलने किंवा छोट्या डिशमधून मायक्रोवेव्ह लहरींनी जातो. दिल्लीच्या बातम्या इतर केंद्रांना उपग्रहावरून मिळतात.

तिसरा टप्पा ट्रान्समीटर. इथे तो संदेश रेडिओ लहरीवर चढवला जातो आणि टॉवरवरच्या अँटेनातून बाहेर पडतो. एफएम लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना उंच हवा.

सामुदायिक रेडिओचा रस्ता मात्र छोटा असतो. स्टुडिओ आणि ट्रान्समीटर बहुधा एकाच आवारात, मध्ये फक्त केबल. प्रसारणाची ताकद साधारणपणे १०० वॅटपर्यंत, अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत. त्यामुळे आवाज आसपासच्या काही गावांपुरताच जातो. पण यातली एक कडी तुटली किंवा लाइट गेली, की सगळं बंद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, ती आठवण लातूरकर विसरलेले नाहीत. अशा वेळी बॅटरीवरचा रेडिओ कामाला येतो, पण केंद्राकडेही जनरेटर हवा.

हे आपल्याला जमेल का? उदगीरहून बिदरच्या पुढे गेलं की झहीराबाद परिसर लागतो. तिथल्या माचनूर गावात दलित महिलांनी १५ ऑक्टोबर २००८ ला 'संघम रेडिओ' सुरू केला. कार्यक्रम त्याच बनवतात, मशीनही त्याच सांभाळतात.

२००६ च्या केंद्रीय धोरणानुसार शिक्षणसंस्था आणि किमान तीन वर्षे जुन्या नोंदणीकृत, नफा न कमावणाऱ्या संस्था अर्ज करू शकतात. एकट्या व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट आहे. म्हणजे आपल्या घरातली दखनी आणि गल्लीतली मराठी, दोन्हींना तिथे जागा आहे. मशीन विकत मिळते. बोलायला माणसं मात्र आपल्यालाच तयार करावी लागतील.