तळटीप १७ : ‘कोरोना मारलेली’ फिल्म
१७. कोरोना मारलेली : छपाईआधी विजेची प्रक्रिया केलेली. परभणीत घरोघरी येणारी दुधाची पिशवी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनवर शाई मुळात धरत नाही. त्याची पृष्ठऊर्जा साधारण ३१ डाईन. शाई नीट बसायला ३८च्या आसपास लागते. म्हणून फिल्म उच्च दाबाच्या विजेच्या जांभळट झोतातून नेतात. पृष्ठभागाला ऑक्सिजनचे गट चिकटतात, शाईला पकड मिळते.

हा परिणाम दिवसागणिक ओसरतो.

छापलेल्या भागावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली की पकड कळते. पट्टीवर रंग उतरला तर छपाई कच्ची. राज्याच्या २०१८च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेने दुधाच्या पिशवीवर परतखरेदीची किंमत छापणे बंधनकारक केले, त्यामुळे तो आकडा ओल्या हातांनीही पुसला न जाणे ग्राहकाच्या हक्काचे आहे.